किनारी औषधी वनस्पतींतील गुणकारी द्रव्यांवर ऋतू व अधिवास यांचा परिणाम : कोकण किनारपट्टीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

वनस्पतीची जात व तिचा उपयोगी भाग निश्चित झाला म्हणजे औषधी द्रव्याची ओळख पूर्ण झाली, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात वनस्पतीतील गुणकारी द्रव्यांचे प्रमाण ती कोठे वाढली आणि कोणत्या काळी तोडली गेली यांवरही अवलंबून असते. समुद्रकिनारी हा परिणाम विशेष तीव्र असतो. कारण तेथे एकाच वर्षात एकच झाड पावसाळ्यात जवळजवळ गोड्या पाण्यात आणि उन्हाळ्यात जवळजवळ समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात उभे असते. प्रस्तुत लेखात कोकण किनाऱ्यावरील काही औषधी वनस्पतींच्या आधारे या बदलामागील कारणे, प्राचीन आयुर्वेदीय संकलननियमांशी त्यांचा संबंध, मोजमापातील अडचणी आणि संवर्धनाचा प्रश्न यांचा परामर्श घेतला आहे. संकलनाचे स्थळ, काळ व वनस्पतीची अवस्था हे औषधी द्रव्याच्या ओळखीचेच घटक मानावेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : किनारी वनस्पती, कांदळवन, दुय्यम चयापचय, क्षारता, अधिवास, संकलनकाल.

१. प्रस्तावना

कोकणच्या किनाऱ्यावर सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या अल्प अंतर कापून समुद्रास मिळतात आणि त्यांच्या मुखाशी खाड्या निर्माण होतात. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, वाघोटनची विजयदुर्ग खाडी ही त्यांची परिचित उदाहरणे होत. या खाड्यांच्या काठी तिवर, कांदळ, चिप्पी, गेवा, मारांडी या वनस्पती वाढतात. त्यांलगतच्या वाळूच्या पट्ट्यात मर्यादवेल, उंडी, केवडा, करंज व सदाफुली आढळतात. यांपैकी अनेकांचा उपयोग किनाऱ्यावरील लोक पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत. मारांडीच्या पानांचा शेक व लेप सांधेदुखीवर दिला जातो. उंडीच्या बियांचे तेल दिव्यासाठी, होड्यांसाठी आणि दुखऱ्या सांध्यांना चोळण्यासाठी वापरले जात असे. कांदळाच्या सालीतील टॅनिनाचा उपयोग मासेमारीची जाळी टिकाऊ करण्यासाठी होत असे.

गेल्या काही दशकांत या वनस्पतींचे रासायनिक विश्लेषण मोठ्या प्रमाणावर झाले. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील प्रकल्प व लघुप्रबंध यांतही हा विषय लोकप्रिय आहे. परंतु अशा लेखनात एक त्रुटी वारंवार दिसून येते. ‘अमुक वनस्पतीच्या पानांत अमुक टक्के फिनॉल असते’ असे विधान एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून आणलेल्या नमुन्यावरून केले जाते. मे महिन्यात बाणकोट खाडीच्या मुखाशी तोडलेले मारांडीचे पान आणि ऑगस्टमध्ये त्याच खाडीत काही किलोमीटर आत तोडलेले पान ही एकाच जातीची पाने असली, तरी ती एकच औषध आहेत काय, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

(१) वनस्पती गुणकारी द्रव्ये कोणत्या कारणाने निर्माण करते हे स्पष्ट करणे.
(२) किनारी अधिवास व ऋतुमान यांचा त्या द्रव्यांवर होणारा परिणाम विशद करणे.
(३) आयुर्वेदातील संकलननियम किनारी वनस्पतींना कितपत लागू पडतात ते तपासणे.
(४) अभ्यास व संकलन यांसाठी व्यवहार्य शिफारशी सुचविणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून तो उपलब्ध दुय्यम साधनांवर आधारित आहे. उदाहरणादाखल जेथे काल्पनिक आकडे घेतले आहेत तेथे तसा स्पष्ट उल्लेख केला आहे.

३. गुणकारी द्रव्ये वनस्पतीसाठी काय करतात?

वनस्पतीच्या चयापचयाचे दोन भाग मानले जातात. शर्करा, प्रथिने, मेद यांसारखी जगण्यास व वाढीस अनिवार्य असणारी द्रव्ये प्राथमिक चयापचयातून तयार होतात. फिनॉले, टॅनिने, फ्लॅव्होनॉइडे, टर्पिनॉइडे, अल्कलॉइडे इत्यादी द्रव्ये दुय्यम चयापचयातून निर्माण होतात. औषधी गुण प्रामुख्याने या दुसऱ्या गटात असतात.

ही द्रव्ये मनुष्याच्या उपयोगासाठी निर्माण झालेली नाहीत, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. टॅनिन पान खाणाऱ्या किड्याला परावृत्त करते. फ्लॅव्होनॉइडे तीव्र सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करतात. अल्कलॉइडे चरणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरतात. म्हणजेच दुय्यम द्रव्य हे वनस्पतीने आपल्या परिस्थितीला दिलेले उत्तर असते. परिस्थिती बदलली की उत्तर बदलते. ऋतू व अधिवास यांच्यानुसार औषधी गुण का बदलतात, याचे मूळ येथे आहे.

याच कारणामुळे ‘गुणकारी’ आणि ‘विषारी’ हा भेद वनस्पतीच्या दृष्टीने अस्तित्वात नसतो. गेव्याच्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होतो व तात्पुरते अंधत्वही येऊ शकते. या दाहाचे कारण असलेली डायटर्पीन वर्गातील द्रव्येच औषधी संशोधनाचाही विषय झाली आहेत. ज्या परिस्थितीत संरक्षक द्रव्ये वाढतात, त्या परिस्थितीत अपायकारक द्रव्येही वाढू शकतात. म्हणून ‘अधिक द्रव्य म्हणजे अधिक चांगले औषध’ हे समीकरण सरसकट मान्य करता येत नाही.

४. किनारी अधिवासाची वैशिष्ट्ये

४.१ क्षारता

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढ्या खाऱ्या पाण्यातून मुळांनी पाणी शोषून घेणे ही सामान्य वनस्पतीला अशक्य गोष्ट आहे. कारण परासरणाच्या नियमानुसार पाणी मुळांतून बाहेरच जाऊ लागते. कांदळवनातील वनस्पतींनी या अडचणीवर निरनिराळे मार्ग काढले आहेत. कांदळ मुळांपाशीच बहुतांश मीठ अडवतो. तिवर, काजळा व मारांडी यांच्या पानांवर क्षारग्रंथी असून त्यांतून मीठ बाहेर टाकले जाते. कोरड्या दिवशी तिवराच्या पानावर मिठाचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. काही जाती पानांत मीठ साठवून पाने जाडसर व रसाळ करतात.

याशिवाय पेशीच्या आत परासरणाचा तोल राखण्यासाठी वनस्पती काही विद्राव्य द्रव्ये साठवतात. तिवरात ग्लायसीन बीटेन हे नायट्रोजनयुक्त द्रव्य साठते. इतर अनेक वनस्पतींत प्रोलीन वा शर्करासदृश अल्कोहोले साठतात. क्षारतेच्या ताणामुळे पेशींत ऑक्सिजनाची अतिक्रियाशील रूपे वाढतात आणि त्यांना निष्प्रभ करण्यासाठी फिनॉलवर्गीय प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांची निर्मिती अनेकदा वाढते. किनारी वनस्पतींच्या प्रतिऑक्सिडीकारक गुणाचे जे कौतुक केले जाते, त्याचा उगम बहुतांशी या ताणात आहे.

४.२ चिखल, वाळू व भरती-ओहोटी

खाडीकाठच्या चिखलात ऑक्सिजन अत्यल्प असतो आणि सल्फाइडासारखी विषारी द्रव्ये साचतात. तिवराची जमिनीतून वर आलेली श्वसनमुळे हे त्यावरील उत्तर होय. वाळूच्या पट्ट्यात परिस्थिती याच्या उलट असते. तेथे हवा भरपूर, पण पाणी व पोषकद्रव्ये कमी, आणि वाळूवरून परावर्तित होणारा प्रकाश तीव्र. मर्यादवेल आणि तिवर एकमेकांपासून शंभर पावलांवर वाढत असली, तरी ती दोन वेगळ्या जगांत राहतात.

भरती-ओहोटीची कक्षाही किनाऱ्यावर सर्वत्र सारखी नाही. मुंबई परिसरात उधाणाच्या वेळी ती सुमारे ५ मीटरपर्यंत जाते, तर गोव्याकडे ती सुमारे २ मीटर असते. त्यामुळे ठाणे जिल्ह्यातील आणि सिंधुदुर्गातील तिवराची मुळे दिवसाकाठी किती वेळ पाण्याखाली राहतात, यात फरक पडतो. ‘कोकण किनारा’ हा एकच अधिवास मानणे यामुळे युक्त ठरत नाही.

४.३ प्रदूषण

अधिवासात केवळ निसर्गनिर्मित घटकच येत नाहीत. औद्योगिक पट्ट्यातील खाड्यांच्या गाळात जड धातू साचलेले असतात. ठाणे खाडीच्या बाबतीत हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. कांदळवनातील वनस्पतींची मुळे असे धातू शोषून साठवू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने वनौषधी द्रव्यांत शिशासाठी किलोग्रॅममागे १० मिलिग्रॅम व कॅडमियमसाठी ०.३ मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचविली आहे. फिनॉलाचे प्रमाण उत्तम असलेला नमुना या कसोटीवर अनुत्तीर्ण ठरू शकतो. म्हणून स्थळाची निवड ही प्रभावीपणाइतकीच सुरक्षिततेचीही बाब आहे.

५. ऋतूंचा परिणाम

कोकणात वर्षाकाठी साधारणतः २५०० मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे येथील खाड्यांचे स्वरूप ऋतूनुसार पालटते. गोव्यातील मांडवी व जुवारी या नद्यांच्या मुखांचा अभ्यास दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दीर्घकाळ केला आहे. पावसाळ्यात या नद्यांतून येणाऱ्या पुराच्या पाण्याने खाडीचे वरचे थर जवळजवळ गोडे होतात, तर एप्रिल-मे महिन्यांत समुद्राचे खारे पाणी नदीपात्रात कित्येक किलोमीटर आतपर्यंत शिरते. कोकणातील इतर खाड्यांतही सर्वसाधारणपणे हेच चक्र चालते. याच्या आधारे वर्षाचे चार कालखंड पाडता येतात.

(अ) पावसाळा (जून ते सप्टेंबर) : क्षारता किमान, पाणी विपुल, आकाश ढगाळ. क्षारांचा ताण कमी झाल्याने वाढ जोमदार होते व कोवळी पाने येतात. प्रकाश कमी असल्याने प्रकाशसंरक्षक फ्लॅव्होनॉइडांची गरज घटते. मात्र कोवळ्या पानांना किड्यांचा व बुरशीचा उपद्रव अधिक असल्याने त्यांतील काही संरक्षक द्रव्ये याच काळात वाढू शकतात.

(आ) पावसाळ्यानंतरचा काळ (ऑक्टोबर-नोव्हेंबर) : आकाश निरभ्र होते, ऊन तापते, खाडीचे पाणी हळूहळू खारे होऊ लागते. पावसाळ्यात आलेली पाने आता पूर्ण वाढलेली असतात. पाने पक्व, प्रकाश भरपूर आणि ताण मध्यम असा हा संधिकाळ असतो.

(इ) हिवाळा (डिसेंबर ते फेब्रुवारी) : तापमान मध्यम, वाढ मंद, क्षारता वाढती.

(ई) उन्हाळा (मार्च ते मे) : क्षारता, तापमान व बाष्पीभवन कमाल. पानांत मीठ साचते, वाढ खुंटते. फिनॉलवर्गीय द्रव्यांची संहती पुष्कळ वेळा या काळात अधिक आढळते. पण पानांचे एकूण उत्पादन घटते.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. सर्व द्रव्ये एकाच दिशेने बदलत नाहीत. ब्रायंट, चॅपिन व क्लाइन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या कार्बन-पोषकद्रव्य संतुलन गृहीतकानुसार पोषकद्रव्ये कमी पडली की वाढ मंदावते, शिल्लक कार्बन फिनॉल व टॅनिन यांकडे वळतो; उलट नायट्रोजनयुक्त अल्कलॉइडे अशा स्थितीत घटणे अपेक्षित असते. या गृहीतकावर पुढे बरीच टीका झाली आणि अनेक वनस्पती त्यानुसार वागत नाहीत असे दिसून आले. तरीही त्यातून मिळणारा इशारा उपयुक्त आहे : फिनॉलासाठी योग्य असलेला ऋतू अल्कलॉइडासाठी योग्य असेलच असे नाही. मारांडीत ॲक्टिओसाइडासारखी फिनॉलवर्गीय ग्लायकोसाइडेही आहेत आणि बेन्झोक्साझोलिनोनासारखी नायट्रोजनयुक्त द्रव्येही आहेत. म्हणून ‘मारांडी केव्हा तोडावी?’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्या द्रव्यासाठी?’ हे ठरल्याखेरीज देता येत नाही.

६. संहती आणि एकूण प्राप्ती

क्षारतेमुळे द्रव्य वाढते असे म्हणताना संहती व एकूण प्राप्ती यांत फरक करणे अगत्याचे आहे. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. कमी क्षारतेत एका झुडपापासून १०० ग्रॅम वाळलेली पाने मिळाली व त्यांत २ टक्के द्रव्य असले, तर एकूण २ ग्रॅम द्रव्य मिळते. अधिक क्षारतेत पाने ६० ग्रॅमच मिळाली आणि द्रव्याचे प्रमाण ३ टक्के झाले, तर एकूण प्राप्ती १.८ ग्रॅम होते. संहती दीडपट झाली, पण प्राप्ती घटली. घरी पानाचा लेप करणाऱ्यास संहती महत्त्वाची वाटेल. अर्क काढणाऱ्या उद्योगास प्राप्ती महत्त्वाची वाटेल.

सदाफुलीच्या बाबतीत हे प्रयोगाने दिसून आले आहे. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्या किनाऱ्यावरील वाळूत सहज वाढते. तिच्या पानांतून कर्करोगावरील विन्ब्लास्टीन व विन्क्रिस्टीन ही अल्कलॉइडे अत्यल्प प्रमाणात मिळतात, तर मुळांत अजमालिसीन असते. मिठाच्या पाण्याचा ताण दिलेल्या रोपांच्या मुळांत अजमालिसिनाचे प्रमाण वाढल्याचे आढळले. परंतु त्याच ताणाने रोपांची वाढही घटली. नायट्रोजनयुक्त अल्कलॉइड ताणाखाली वाढल्याचे हे उदाहरण वरील गृहीतकाच्या मर्यादाही दाखवून देते.

७. आयुर्वेदीय संकलननियम : तत्त्व व मर्यादा

औषधी द्रव्य कोठून व केव्हा घ्यावे याचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार सांगितले असून औषधीसंग्रहासाठी योग्य भूमी कोणती याचे वर्णन केले आहे. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा व वसंत ऋतूंत, मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात, साल, कंद व चीक शरदात, काष्ठसार हेमंतात आणि फुले-फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत घ्यावीत, असा तेथील नियम आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही भूमीच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय आहे. वनस्पतीचा प्रत्येक अवयव वर्षाच्या वेगवेगळ्या काळी संपन्न असतो, हे तत्त्व या नियमांत स्पष्टपणे व्यक्त झाले आहे आणि आधुनिक वनस्पतिशास्त्राशी ते सुसंगत आहे.

परंतु हे नियम किनारी वनस्पतींना जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्याची दोन कारणे सांगता येतील. पहिले असे की, दोन्ही संहिता ऊषर म्हणजे खारवट भूमी औषधीसंग्रहासाठी वर्ज्य मानतात. गोड्या जमिनीतील वनस्पती खारवट जागी खुरटते व तिचे गुण बदलतात, हे निरीक्षण योग्यच आहे. मात्र तिवर वा मारांडी यांचे स्वाभाविक निवासस्थानच खारे आहे. त्यांच्याबाबतीत खारेपणा हा दोष नसून प्रकृती आहे. दुसरे कारण असे की, मुळे घेण्याचा काळ सांगताना चरकसंहिता पाने गळून गेलेल्या वा नव्याने फुटलेल्या अवस्थेचा उल्लेख करते. हा उल्लेख पानझडी वृक्षांना लागू पडतो. कांदळवनातील बहुतेक वृक्ष सदाहरित आहेत; त्यांची पाने वर्षभर थोडीथोडी गळतात व येतात. तेथे ही खूण उपलब्धच नसते.

तथापि याच उल्लेखात एक मौलिक सूचना दडलेली आहे. संहिताकारांनी केवळ महिना सांगितला नाही. वनस्पतीची अवस्थाही सांगितली. किनारी वनस्पतींसाठी ही अवस्था पानगळीऐवजी मुळांलगतच्या पाण्याची क्षारता, पानाचे वय, फुलोरा व फलधारणा यांवरून ठरवावी लागेल. मान्सूनचे आगमन व पावसाची वाटणी अनियमित होत असताना ‘ऑक्टोबरमध्ये तोडावे’ यापेक्षा ‘पाने पक्व झाल्यावर व क्षारता अमुक पातळीस आल्यावर तोडावे’ हा नियम अधिक विश्वसनीय ठरेल.

८. उंडीच्या कुळातील एक बोधप्रद उदाहरण

अधिवास व वनस्पतीचे वैयक्तिक भेद यांकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचे उदाहरण आपल्या उंडीच्या प्रजातीतच मिळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी १९८७ मध्ये मलेशियातील सारवाक राज्यात कॅलोफायलम लॅनिजेरम या वृक्षाचा नमुना गोळा करण्यात आला. त्यातील कॅलॅनोलाइड-ए हे द्रव्य एचआयव्ही विषाणूच्या वाढीस आवश्यक विकराला रोखते असे प्रयोगशाळेत आढळले आणि १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अधिक द्रव्य मिळविण्यासाठी संकलक त्या ठिकाणी परत गेले तेव्हा मूळ वृक्ष तोडला गेला होता. त्याच जातीच्या इतर वृक्षांच्या नमुन्यांत हे द्रव्य नव्हते किंवा नगण्य होते. पुढे सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातील वृक्षापासून ते मिळाले. दरम्यान त्याच प्रजातीतील दुसऱ्या एका जातीच्या चिकात त्याच्याशी संबंधित कॅलॅनोलाइड-बी भरपूर सापडले. हा चीक झाड न मारता काढता येतो.

हा फरक आनुवंशिक होता की अधिवासजन्य, हे केवळ या घटनेवरून ठरविता येत नाही. पण जातीचे नाव तेच असताना द्रव्य असेलच असे नाही, हे त्यातून निर्विवाद सिद्ध होते. आणि ज्या वृक्षात ते असते तो वृक्ष नोंद होण्यापूर्वीच नाहीसा होऊ शकतो, हा त्यातील अधिक गंभीर धडा आहे.

९. मोजमापातील अडचणी

ऋतूनुसार दिसणारा प्रत्येक फरक खरा असतोच असे नाही. काही फरक मोजण्याच्या पद्धतीतून निर्माण होतात.

पहिली अडचण पाण्याची. पावसाळी पानात पाणी अधिक असते. ओल्या वजनावर टक्केवारी काढल्यास द्रव्य घटल्याचा भास होतो. म्हणून शुष्क वजन घेणे आवश्यक ठरते.

दुसरी अडचण मिठाची, आणि ती किनारी वनस्पतींपुरती विशेष आहे. समजा, पावसाळ्यात वाळलेल्या पानात १० टक्के व उन्हाळ्यात २० टक्के खनिज क्षार आहेत आणि क्षार वगळता उरलेल्या भागात फिनॉल दोन्ही वेळा ४ टक्केच आहे. एकूण शुष्क वजनावर हे प्रमाण पावसाळ्यात ३.६ टक्के व उन्हाळ्यात ३.२ टक्के दिसेल. (हे आकडेही काल्पनिक आहेत.) प्रत्यक्षात काहीच बदलले नसताना उन्हाळ्यात द्रव्य घटल्याचा निष्कर्ष निघेल. यास्तव पानाची राख मोजून राखविरहित शुष्क वजनावर प्रमाण सांगणे इष्ट होय.

तिसरी अडचण पद्धतीची. एकूण फिनॉल मोजण्यासाठी फोलिन-सिओकाल्तू अभिकर्मक सर्वत्र वापरला जातो. परंतु तो ॲस्कॉर्बिक आम्लासारख्या इतर क्षपणकारक द्रव्यांशीही अभिक्रिया करतो. त्यावरून विशिष्ट औषधी द्रव्य वाढले असे म्हणता येत नाही; त्यासाठी उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखनाचा आधार घ्यावा लागतो.

चौथी अडचण संकलनानंतरची. पावसाळ्यात पाने सावकाश वाळतात. त्या काळात पानातील विकरे फिनॉलांचे ऑक्सिडीभवन करतात व बुरशीही वाढते. अशा वेळी दिसणारी घट झाडावरची नसून वाळवणीतली असते.

१०. संवर्धनाची बाजू

द्रव्य अधिक असलेला ऋतू व जागा निश्चित झाली की तेथे तोड वाढण्याचा धोका संभवतो. विशेषतः सालीसाठी होणारी तोड वृक्षाच्या जिवावर बेतते. खोडाची साल सभोवार काढल्यास अन्नवाहिन्या तुटून झाड मरते. महाराष्ट्रातील कांदळवनांना २००५ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने व किनारा नियमन क्षेत्राच्या तरतुदींनी संरक्षण मिळाले आहे. २०१२ मध्ये राज्य वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित झाला. भारतीय वनस्थिती अहवाल २०२१ नुसार राज्यात कांदळवनाचे क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर होते. एवढ्या मर्यादित क्षेत्रावर औषधी मागणीचा भार टाकणे परवडणारे नाही.

ऋतू व अधिवास यांचे ज्ञान येथे संवर्धनास साहाय्यभूत ठरू शकते. योग्य काळी योग्य भाग घेतल्यास कमी तोडीत अपेक्षित परिणाम साधतो. अयोग्य काळी घेतलेली पाने वाया जातात व पुन्हा तोड करावी लागते. सालीऐवजी पान, आणि वृक्षाऐवजी पुन्हा फुटणारे मारांडीसारखे झुडूप हा पर्याय शक्य तेथे स्वीकारावा. खारवट पडीक जमिनीत अशा झुडपांची लागवड करून पाहता येईल. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राचा खाऱ्या जमिनीविषयीचा अनुभव त्यासाठी मार्गदर्शक ठरू शकेल.

११. शिफारशी

(१) प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ, दिनांक, दिवसाची वेळ, भरतीरेषेपासूनचे स्थान, मुळांलगतच्या पाण्याची क्षारता, पानाचे वय व फुलोऱ्याची अवस्था यांची नोंद ठेवावी. क्षारता मोजण्यास हातातील साधा अपवर्तनांकमापकही पुरेसा आहे.

(२) एकाच नमुन्यावरून जातीविषयी विधान करू नये. खूण केलेल्या त्याच झाडांची निदान एक पूर्ण वर्ष, किमान तीन अधिवासांतून तपासणी करावी.

(३) आनुवंशिक व अधिवासजन्य फरक वेगळे करण्यासाठी एका जागेची रोपे दुसऱ्या जागी लावून पाहावीत.

(४) प्रमाण राखविरहित शुष्क वजनावर सांगावे. संहतीसोबत एकूण प्राप्तीही द्यावी.

(५) गुणकारी द्रव्यांसोबत जड धातू व विषारी घटक यांचीही तपासणी करावी.

(६) जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या औषधी वनस्पतींच्या लागवड व संकलनविषयक मार्गदर्शक तत्त्वांचा परिचय पदव्युत्तर अभ्यासक्रमात करून द्यावा. कांदळवनातून नमुने घेताना वनविभागाची अनुमती घ्यावी.

(७) किनाऱ्यावरील वैदू व मच्छीमार समाजातील जाणकारांना ‘कोणती वनस्पती?’ याबरोबरच ‘केव्हा व कोठली?’ हेही आवर्जून विचारावे. वनस्पतीचे नाव नोंदले जाते, पण तोडण्याची वेळ नोंदली जात नाही. आणि ज्ञानाचा तोच भाग प्रथम लुप्त होतो.

१२. निष्कर्ष

किनारी औषधी वनस्पतींतील गुणकारी द्रव्ये हा जातीचा स्थिर गुणधर्म नसून क्षारता, प्रकाश, पोषकद्रव्ये, पानाचे वय व शत्रू यांना वनस्पतीने दिलेला बदलता प्रतिसाद आहे. कोकणातील खाड्यांत हा बदल वर्षभरात गोड्यापासून खाऱ्यापर्यंतची मजल गाठतो. क्षारतेच्या ताणाने फिनॉलवर्गीय द्रव्यांची संहती अनेकदा वाढते, परंतु वाढ घटते, इतर द्रव्ये वेगळ्या दिशेने जाऊ शकतात आणि मोजणीच्या पद्धतीमुळेही खोटा फरक दिसू शकतो. प्राचीन संहितांनी स्थळ, काळ व अवस्था यांना दिलेले महत्त्व आजही ग्राह्य आहे. त्यांचे ऋतुपत्रक मात्र किनाऱ्यासाठी नव्याने, प्रत्यक्ष मोजणीच्या आधारे तयार करावे लागेल. कोकणातील महाविद्यालयांना आपापल्या लगतच्या खाडीसाठी हे काम हाती घेणे शक्य आहे. तसे झाल्यास रुग्णाच्या हाती पडणारे औषध अधिक विश्वसनीय होईल आणि ते देणारे झाडही जागेवर टिकून राहील.